घरच्या सुतारकामातले पारंपरिक सांधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीला राहते, सातवा मजला, खाडीकडची गॅलरी. गेली सहा वर्षं त्याच गॅलरीत लाकूडकाम करतेय, स्टुलं केली, देव्हारा केला, मुलीचं अभ्यासाचं टेबल केलं. हात बसवला तो कळव्याच्या एका सुतारकाकांनी, ते मूळचे चिपळूणकडचे, आता काम कमी करतात पण शिकवायला कधी नाही म्हणत नाहीत. बिल्डिंगमधले, ऑफिसातले, नातेवाईक सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

खिळे आहेत, स्क्रू आहेत, मशीन आहे. मग हे सांधे कशाला करत बसायचं?

कारण लाकूड हलतं. आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेत जरा जास्तच हलतं. मिस्त्री लोक इंच आणि सुतात मोजतात, एका इंचाची आठ सूत, म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरच्या किंचित वर. आता एक फूट रुंद सागवानी फळी घ्या. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेतून जुलैच्या दमट हवेत तिच्यातलं पाण्याचं प्रमाण ६ टक्क्यांनी वाढलं तर ती फळी रुंदीत साधारण एक सूत फुगते. पाऊस गेला की परत आटते. दरवर्षी. सागवान तर यात सगळ्यात शांत लाकडांपैकी, बाकीची बरीच याहून जास्त हलतात. लांबीत मात्र लाकूड जवळपास हलतच नाही, सगळी हालचाल लाकडाच्या रेषांना आडवी, म्हणजे रुंदीत.

आता त्या फळीला चारी बाजूंनी खिळे ठोकून जखडलंत तर ते एक सूत जाणार कुठे? एकतर फळी फुटणार, नाहीतर खिळा वाकून ढिला होणार. जुन्या सुतारांचे सांधे म्हणजे या एका सुताची सोय आहे. कुठे धरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं याचा विचार आधीच करून ठेवलेला असतो. मजबुती, देखणेपणा हे सगळं नंतर.

स्क्रू वाईट नाही हां. बिजागरीला स्क्रूच पाहिजे. पण फळीच्या टोकाकडून, म्हणजे जिथे रेषांची तोंडं दिसतात तिथून, आत मारलेला स्क्रू नीट पकड घेत नाही, आणि आजकालच्या फर्निचरचे निम्मे कोपरे तसेच जोडलेले असतात.

आमचा मेन डोअर सॉलिड सागवानाचा आहे तरी मधोमध चिरला. लाकूड खराब होतं का?

बहुतेक वेळा लाकूड चांगलंच असतं, बसवणं चुकलेलं असतं. आमच्याच घरी झालं हे, म्हणून तळमळीने सांगते. घर घेतलं तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टरकडून दार करून घेतलं, पैसे चांगले मोजले, लाकूडही चांगलं आणलं त्याने. पण मधलं पॅनल चौकटीत चारी बाजूंनी फेविकॉल भरून चिकटवलं आणि वर मागून बारीक खिळे मारले. पावसाळा निघाला, आणि फेब्रुवारीत एका रात्री बंदुकीसारखा आवाज झाला, सकाळी बघतो तर पॅनल वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं, फटीत एक रुपयाचं नाणं आरामात जात होतं. त्याला फोन केला तर म्हणाला लाकडाचा स्वभावच तसा. स्वभाव माहिती होता तर तशी जागा सोडायची ना!

बरोबर पद्धत अशी की चौकटीच्या आतल्या बाजूला खाच मारायची, पॅनल त्या खाचेत नुसतं बसवायचं, दोन्ही बाजूंना एखाद सूत मोकळं ठेवून, आणि पॅनलला सरस-फेविकॉल काही लावायचं नाही. फेविकॉल फक्त चौकटीच्या चार कोपऱ्यांच्या कुसवांना. पॅनल आतल्या आत फुगेल, आटेल, कोणाला कळणारसुद्धा नाही.

कुसू म्हणजे काय? आमचा मिस्त्री साल-चूल म्हणतो ते हेच का?

हेच. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची ते कुसू, दुसऱ्या लाकडात त्या मापाचं चौकोनी भोक पाडायचं, आणि एकात एक घालायचं. हिंदी बोलणारे मिस्त्री साल-चूल म्हणतात, इंटिरियरवाले मॉर्टिस-टेनन म्हणतात. दाराची चौकट, खाटेचा पाय, टेबल, खुर्ची, बैलगाडीचं चाक, सगळीकडे हेच. गावाकडे चाक बनवताना कोणी पाहिलं असेल तर आठवेल, आरे चाकाच्या मधल्या तुंब्यात कुसू घालून बसवतात, आणि वरून लोखंडी धाव लालभडक तापवून चढवतात, ती गार होताना आवळते आणि सगळे सांधे एकदम घट्ट. खड्ड्याखुड्ड्यातून टनभर माल नेणारी गाडी या जोडावर चालायची, तिथे आपल्या डायनिंग टेबलचं काय!

आणि ही गोष्ट किती जुनी ते बघा. झांबियात कलाम्बो धबधब्यापाशी दोन ओंडके सापडले, एकाला खाच पाडून दुसऱ्यावर बसवलेले, वय साधारण ४ लाख ७६ हजार वर्षं. २०२३ साली ते संशोधन छापून आलं. म्हणजे आपली आजची माणूसजात यायच्याही आधी कोणीतरी लाकडाला खाच मारून लाकूड बसवत होतं. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

अगदी नवीन माणसाने कुठल्या सांध्यापासून सुरुवात करावी?

हाफ लॅप. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या, दोघींची निम्मी निम्मी जाडी काढायची आणि एकीत एक बसवायची. करवत सरळ चालवायला आणि पटाशीने, म्हणजे लाकडाच्या छिन्नीने, तळ सपाट करायला यातच शिकता येतं. दोन-तीन इंचापर्यंतच्या पट्ट्यांना हा जोड बिनधास्त चालतो, त्याहून रुंदीला नको, कारण दोन्ही लाकडं आडव्या दिशांना फुगतात आणि चिकटवलेला जोड ओढला जातो. पाच-सहा हाफ लॅप केलेत की थेट कुसवाकडे या. डवटेलच्या, म्हणजे शेपटीसारख्या दातांच्या सांध्याच्या, नादी पहिल्या महिन्यात लागू नका.

कुसू कापायची पद्धत नीट, सावकाश सांगाल का?

सांगते, हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे त्यामुळे लांबेल.

समजा पट्टी सहा सूत जाडीची आहे. कुसवाची जाडी तिच्या एक तृतीयांश, म्हणजे दोन सूत. हे माप कॅल्क्युलेटरवर काढायचं नाही, तुमच्याकडे दोन सुताची पटाशी आहे ना, तिच्या पात्याच्या रुंदीवरच मार्किंग गेज (काठाला समांतर रेष ओढायचं हत्यार) सेट करायचा. भोक पटाशीच्या मापाचं पडणार, म्हणून कुसूही पटाशीच्याच मापाचं पाहिजे. आधी नेहमी भोक करायचं, मग कुसू. कुसू तासून बारीक करता येतं, भोक छोटं करता येत नाही.

पेन्सिलने आखू नका, किमान खांद्याची, म्हणजे जिथे पट्टी संपून कुसू सुरू होतं तिथली, रेष तरी नको. धारदार सुरीने गुण्याला, म्हणजे काटकोनाच्या पट्टीला, टेकवून रेष मारा. पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते, सुरीच्या रेषेला नसते, शिवाय त्या बारीक चरीत पटाशी आपोआप बसते. काकांचं एक वाक्य आहे, "बाय, पटाशी ढकलू नको, बसव." मला ते कळायला सहा महिने लागले. सुरीच्या रेषेत पटाशी ठेवली की बोटांना एक बारीकसा टक जाणवतो, पटाशी जागेवर लागल्याचा. तो टक लागला की मगच मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, मारायची.

भोक पाडताना दोन्ही टोकांच्या रेषांपासून एक-एक सूत आत राहून सुरुवात करा, मधून चिपा काढत खाली जा, टोकं शेवटी साफ करा. आधीच रेषेवर ठोकलं तर चिपा उचकटताना पटाशीची पाठ काठ दाबते आणि काठ गोल होतो. आरपार भोक असेल तर निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने, नाहीतर मागची बाजू फुटून निघते. ड्रिलने आधी दोन-तीन भोकं पाडून घेतली तरी चालेल, वेळ वाचतो आणि खालच्या मजल्यावरच्यांचं डोकं शांत राहतं.

कुसू कापताना करवत रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवा, रेष शिल्लक राहिली पाहिजे. मग पटाशीने एक-एक पापुद्रा काढत भोकात घालून बघायचं. बरोबर कधी? हाताच्या जोराने निम्म्याच्या वर आत जातं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या टोल्यांनी. आवाज ऐका. सुरुवातीला ठक ठक असा पोकळ येतो आणि खांदा टेकला की एकदम ठप्प असा भरीव येतो, त्या आवाजाला थांबायचं. जबरदस्तीने ठोकून घातलंत तर पट्टी भोकापाशी उभी फुटते, आणि नुसतं हाताने सळकन आत गेलं तर ढिलं आहे.

ढिलं झालं तर काय, लाकूड फेकायचं?

अजिबात नाही. कुसवाच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर, त्याच लाकडाचा पातळ पापुद्रा फेविकॉलने चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा, सकाळी परत तासा. आरपार कुसू असेल तर दुसरा उपाय पाचर. कुसवाच्या टोकाला करवतीने उभी चीर द्या, भोकाचं बाहेरचं तोंड किंचित रुंद करा आणि चिरेत पाचर ठोका. कुसू बाहेरच्या बाजूला फाकतं आणि मग ते मागे येऊच शकत नाही. भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरून फट बुजवू नका प्लीज, तो नुसता भरतो, धरत काही नाही.

खुंटी कधी मारायची? आणि बांबूचीच का?

दाराच्या चौकटीत, खाटेत, जिथे ओढ येते तिथे. बांबू चिवट असतो, त्याचे धागे सलग टोकापर्यंत असतात, मोडत नाही, म्हणून दारांच्या सांध्यांत बांबूच्या पिना मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, सरकारी बांधकामाच्या नियमांतही ती आहे. यातली जुनी खुबी अशी की भोकाच्या लाकडात खुंटीचं छिद्र पाडायचं, कुसू आत घालून खूण करायची, बाहेर काढून कुसवावरचं छिद्र त्या खुणेपासून खांद्याच्या दिशेला साधारण अर्धं सूत सरकवून पाडायचं. मग खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि कुसवाला आत खेचून धरते. शिकंजे, म्हणजे आवळून धरायचे क्लॅम्प, नसले तरी सांधा घट्ट, फेविकॉल नसला तरी घट्ट. घरात शिकंजे कमी असलेल्यांनी हे नक्की शिका.

डवटेल एवढं अवघड असतं का?

अवघड नाही, चिकाटीचं आहे. शेपटीच्या आकाराचे दात, बाहेरच्या बाजूला रुंद, मुळाशी अरुंद, त्यामुळे एका दिशेने ओढलं तर सुटतच नाही. म्हणूनच ड्रॉवरला वापरतात. पण दिशा चुकवू नका! शेपट्या बाजूच्या फळ्यांना काढायच्या आणि त्यांच्या खाचा दर्शनी फळीला, म्हणजे ड्रॉवर ओढताना दर्शनी फळी निखळत नाही. उलटं केलंत तर इतकी मेहनत करून नुसत्या फेविकॉलवर भरवसा. शेपटीचा उतार मऊ लाकडाला साधारण ६ ला १, सागवानासारख्या कठीण लाकडाला ८ ला १. जास्त तिरका केला तर टोकं तुटतात, कमी केला तर पकड राहत नाही.

आणि हे फॉरेनचं काहीतरी आहे असं समजू नका. माझ्या आजीचा अलिबागचा पाट माझ्याकडे आहे, फणसाचा, पिवळा रंग आता तपकिरी झालाय. मागून उलटा केला तर दोन आडव्या पट्ट्या आहेत, आणि त्या ठोकलेल्या नाहीत, फळीत डवटेलची लांब खाच मारून एका बाजूने सरकवल्यात. फळी पावसात फुगली की पट्टीवरून सरकते, पट्टी तिला वाकू मात्र देत नाही. कितीतरी गणपती बसले असतील त्या पाटावर, एक चीर नाही. घरी जुना पाट असेल तर आज उलटा करून बघा.

लाकूड कुठलं घेऊ? सागवान परवडत नाही.

शिकायला पाईन घ्या, पॅकिंगच्या पेट्यांचा. शिळफाटा, भिवंडीकडच्या गोदामांतून निघालेल्या पॅलेटच्या पट्ट्या भंगारवाल्यांकडे मिळतात. मऊ असतो, पटाशी जराही बोथट असेल तर चिरडतो, म्हणून धार लावायची सवय लागते. बाभूळ मजबूत आहे पण हाताने कापायला दमवते. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो, ट्रीटमेंट केलेलंच घ्या.

सागवानात मिस्त्री सीपी सागवान म्हणतात ते जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, त्यात आपला चंद्रपूर-बल्लारशाचा भाग येतो. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूरहूनच सागवान गेलं. आफ्रिकेतून येणारं सागवान स्वस्त पडतं, पण लॉटप्रमाणे फरक फार, बघून घ्या, रेषा सरळ आहेत का, पांढरा भाग किती आहे. पांढरा भाग म्हणजे झाडाचा बाहेरचा कच्चा भाग, कीड तिथून सुरू होते. बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

माझं सगळ्यात आवडतं लाकूड मात्र जुनं. नौपाड्यात, चरईत जुनी घरं रीडेव्हलपमेंटला जातात तेव्हा तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या निघतात. कितीतरी पावसाळे खाऊन शांत झालेलं सागवान असतं ते. रंधा मारला की आत मधासारखा रंग आणि तो चामड्यासारखा वास. फक्त कापायच्या आधी चुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असतोच, आणि करवतीचे दात एका खिळ्यात जातात.

लाकूड सुकलेलं आहे हे कसं ओळखू?

मॉइश्चर मीटर घ्या, दोन पिनांचा, तेवढा खर्च वर्थ आहे. आपल्याकडे १२ टक्क्यांच्या आसपास आलं की काम सुरू करायला हरकत नाही. आणि पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच कापू नका, खाली-मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असं दोन-तीन आठवडे घरात ठेवा. ज्या खोलीत फर्निचर राहणार त्याच खोलीत. एसीची बेडरूम आणि खाडीकडची गॅलरी यांच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जुलैत केलेला ड्रॉवर मापाला टाइट चालतो कारण लाकूड फुगलेलं असतं, पुढे तो मोकळा होईल. फेब्रुवारीत टाइट केलात तर जुलैत अडकलाच म्हणून समजा. कुठल्या महिन्यात काम करताय त्यावर फट ठरवा.

प्लायमध्ये हे सांधे करता येतील का?

प्लायला त्यांची गरज नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे फुगणं-आटणं तिथेच मारलं जातं, एका सुताचा प्रश्नच उरत नाही. पण त्याच कारणाने प्लायचं कुसू कमकुवत, निम्मे थर आडवे असतात आणि ते चटकन सुटतात. प्लायला खाच मारून फळी बसवणं, डॉवेल (गोल लाकडी खुंट्या), स्क्रू हे बरोबर. वॉर्डरोबसारखं मोठं काम प्लायमध्येच करा, त्यात कमीपणा नाही. मी पण तसंच केलंय.

फेविकॉल लावला तर पारंपरिक राहतं का?

राहतं. जुने सुतार जनावरांपासून केलेला सरस गरम करून लावायचेच. सरसाचा एक मोठा फायदा होता, गरम पाण्याने सांधा परत सुटायचा, दुरुस्ती करता यायची. पांढरा फेविकॉल तसा सहज सुटत नाही, म्हणून लावायच्या आधी एकदा कोरडं जोडून बघाच, चारही कोपरे गुण्यात आहेत का, कर्णांची मापं सारखी येतात का. बाथरूमजवळ किंवा गॅलरीत राहणारी वस्तू असेल तर पाण्याला टिकणारा मरिन प्रकारचा घ्या. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्या किंवा ताजा रंधा मारून लगेच लावा.

आणि टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला कधीही चिकटवू नका. लाकडी बटणं करा, एल आकाराची छोटी ठोकळी, तिचं तोंड चौकटीच्या खाचेत आणि स्क्रू वरच्या फळीत. फळी सरकायला मोकळी.

हत्यारं कुठली घेऊ?

कमी आणि चांगली. तीन पटाश्या, दोन सूत, चार सूत आणि एक इंच. एक बारीक दातांची करवत, ओढून कापायची जपानी पद्धतीची नवख्यांना सोपी जाते. एक रंधा, गुण्या, मार्किंग गेज, लाकडी मोगरी, दोन शिकंजे. लोखंडी हातोडीने पटाशी मारू नका, मूठ फुटते. नवीन हत्यारांसाठी मी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जाते, हातात घेऊन बघता येतं. जुन्या सुताराची पटाशी मिळाली तर सोडू नका.

पण खरं हत्यार धारेचा दगड आहे. नवीन पटाशी दुकानातून आणल्यावर तिला धार नसते, नुसता आकार असतो. आधी पाठ सपाट करा, मग तोंड २५ अंशाला घासा आणि अगदी टोकाला ३० अंश. १००० नंबरचा दगड, मग ६००० च्या आसपासचा. दगड नसेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सुरुवात होते. पाईनच्या टोकावर पटाशी चालवून बघा, चिरडल्यासारखं पांढरट दिसलं तर धार नाही, गुळगुळीत चमकलं तर आहे. सागवानात सिलिका असते, वाळूच्या जातीची, ती धार खाते, म्हणून दर अर्ध्या तासाने दोन हात दगडावर मारावे लागतात. हे टाळणाऱ्या माणसाला सुतारकाम अवघड वाटतं, आणि तो समजतो आपल्या हातात कला नाही. कला भरपूर असते हो, धार नसते.

फ्लॅटमध्ये जमतं का हे सगळं? सोसायटी, शेजारी?

हाताने काम करण्याचा मोठा फायदाच हा आहे. रंध्याचा, करवतीचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. त्रास होतो तो मोगरीचा, आणि तो फरशीतून खाली जातो. मी टेबलाच्या पायांखाली जुनी रबरी मॅट दुहेरी घालते, आणि ठोकाठोक दुपारी दोन ते चार सोडून. खालच्या काकूंना आधी सांगून ठेवलं, त्यांच्या डगमगत्या चौरंगाला नवीन खुंट्या मारून दिल्या, तेव्हापासून तक्रार नाही.

धुळीचं मात्र सिरियसली घ्या. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या पहिल्या गटात आहे, आणि सागवानाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळही येतं. पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क, खिडकी उघडी, लहान मुलं खोलीबाहेर. रंध्याच्या सालपटांचा त्रास नाही, ती झाडून गोळा होतात.

जपानी सांध्यांचे व्हिडिओ बघतो, ते करू का?

बघा जरूर. नारा शहराजवळच्या होर्यू-जी देवळाच्या लाकडी इमारती सातव्या-आठव्या शतकापासून उभ्या आहेत, आणि जपानच्या पारंपरिक लाकडी बांधकामाच्या कलेला युनेस्कोने २०२० साली वारसा यादीत घेतलं. पण ते गुंतागुंतीचे सांधे मुख्यतः मोठे वासे लांबीत जोडण्यासाठी, भूकंपात तग धरण्यासाठी. आपल्या स्टुलाला त्यांची गरज नाही. आणि आपल्याकडचंही बघा की, पुण्याला विश्रामबागवाड्याचं लाकडी दर्शन बघा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घुमटाखालच्या गोल सज्ज्याला नाशिकच्या वाड्यातून आणलेल्या लाकडी कमानी आहेत. नक्षी सगळेच बघतात, तुम्ही कोपरे बघा.

मिस्त्रीकडून करून घेणार आहे. काम बरोबर झालंय हे कसं ओळखू?

फेविकॉल लावायच्या आधी बोलवायला सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोड कोरडा असताना सुटा करून बघा. कुसू किमान दीड इंच आत आहे का, खांदा चारी बाजूंनी टेकतोय का, पॅनल खाचेत हाताने हलवलं तर हलतंय का. हलतंय म्हणजे ढिलं आहे असं नाही, हलायलाच पाहिजे! पॉलिश नंतर, आधी नुसतं लाकूड दाखवायचं असं ठरवून घ्या, पुट्टीखाली सगळं लपतं. आणि चांगल्या सांध्याचे पैसे जास्त मागितले तर द्या, एका दाराचे आठ कुसू हाताने काढायला पूर्ण दिवस जातो.

आजोबांची खुर्ची डगमगते, खिळा मारून घट्ट करू का?

नको, अजिबात नको. खिळ्याने कुसू आतून चिरतं आणि मग दुरुस्तीही अवघड होते. डगमगणारा सांधा पूर्ण सोडवा. जुनी खुर्ची सरसाने जोडलेली असेल तर गरम पाण्यात फडकं भिजवून सांध्यावर गुंडाळा, थोड्या थोड्या वेळाने बदला, मग रबरी हातोडीने हळूच ठोका, सुटेल. सुटे भाग खडूने नंबर घालून ठेवा, डावा पाय उजवीकडे बसत नाही. जुना सरस पूर्ण खरवडा, कुसवाला पापुद्रा चिकटवून परत मापात आणा, नवीन सरस नाहीतर फेविकॉल लावा आणि खुर्ची सपाट फरशीवर ठेवूनच बांधा, नायलॉनची दोरी गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ दिला की शिकंज्याचं काम होतं. चारही पाय फरशीला टेकलेत हे बघून रात्रभर तशीच राहू द्या, आणि सकाळी दोरी सोडल्यावर सगळ्यात आधी घरातल्या मोठ्यांना बसवा तिच्यावर.